मयताच्या फुलाचा भाव

रात्री उशिरा दाराची कडी वाजली की आमच्या घरात "कोण?" असं कुणी विचारत नसे. आजी अंथरुणातून उठून पदर सावरत एवढंच म्हणायची, "कुणाच्या घरचं?" लग्नाची, वास्तुशांतीची, सत्यनारायणाची फुलं सांगायला माणसं दिवसा येतात, चहा घेतात, घासाघीस करतात. मयताचा निरोप वेळ बघून येत नाही. आजी कंदील घेऊन बागेत जायची, तिच्या मागे टोपली घेऊन मी. रात्रीच्या दहिवराने शेवंतीची फुलं ओली असायची आणि बोटं गारठायची. देठ दोन बोटं ठेवून खुडायचं, फूल मुठीत धरायचं नाही, एवढं मला सातव्या-आठव्या वर्षीच पाठ झालं होतं.

ही बाग नगरला लागून असलेल्या भिंगारच्या शिवेवर होती. जेमतेम दहा गुंठे जमीन, एक विहीर, कडेला जाईचा मांडव, कुंपणाला कण्हेर आणि कोरांटी. मधल्या वाफ्यांत गुलछडी, अ‍ॅस्टर, झेंडू आणि शेवंती. नगरची जमीन फुलांना धार्जिणी नाही. वीतभर खणलं की मुरूम लागतो. १९४२ साली ब्रिटिशांनी पंडित नेहरूंना आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं, तेव्हा त्यांनी तिथे फुलझाडांसाठी वाफे खणायला घेतले होते. 'भारताचा शोध'च्या सुरुवातीलाच त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. जमीन निकृष्ट, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली, असं त्यांचं म्हणणं. मी ते पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि आजीची आठवण आली. किल्ला आमच्यापासून फार लांब नव्हता. त्याच सुमाराला ती नवी सून म्हणून तसलाच मुरूम पहारीने उकरून खड्ड्यांत ओढ्याचा गाळ आणि शेळ्यांचं लेंडीखत भरत होती. ते काम तिला सात वर्षं पुरलं.

हार, वेण्या, गजरे ती माहेरीच शिकून आली होती. पुष्पचक्र मात्र तिच्या माहेरी कुणी पाहिलंही नव्हतं. आपल्याकडे मयताला हार असतो, तुळस असते, गुलाल-बुक्का असतो. गोल पुष्पचक्राची चाल इंग्रजांच्या छावणीतून आणि मिशनमधून नगरात आली. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली. गावात ख्रिस्ती वस्ती जुनी. मिशनच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई आजीकडून नेहमी गुलछडी न्यायच्या. त्यांची आई वारली तेव्हा त्या तारेचं एक वेडंवाकडं कडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, याच्यावर फुलं बसवून द्याल का?" आजीने कडं हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. तार उन्हात तापते, फुलं करपतात, हे तिने बघताक्षणी ओळखलं. तिने ओढ्याकाठची निरगुडी तोडून आणली.

पुढे चाळीस वर्षं तिची पद्धत बदलली नाही आणि मीही ती फारशी बदललेली नाही. निरगुडीचे करंगळीएवढे फोक घ्यायचे, पाण्यात भिजत घालायचे, ओले असतानाच वळवून कडं करायचं. त्यावर उसाचं भिजवलेलं पाचट गुंडाळायचं आणि सुतळीने करकचून आवळायचं. पाचट ओलं असलं की फुलं दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहतात. मग मोरपंखीची पानं, सगळी टोकं एकाच दिशेला. त्यावर फुलं. मोठी शेवंती आधी, चार बाजूंना चार, म्हणजे गोल चुकत नाही. मधल्या जागा अ‍ॅस्टरने भरायच्या. बाहेरच्या कडेला गुलछडीच्या न उमललेल्या कळ्या. त्या दफनविधी होईतो उमलतात आणि माती लोटताना वास येतो. हे आजीने कुणाकडून ऐकलं नव्हतं. नर्सबाईंच्या आईच्या मयताला ती स्वतः गेली होती, 'उपासना संगीता'तली गाणी संपेपर्यंत पाठीमागे उभी राहिली होती आणि तिच्या ते ध्यानात आलं होतं.

पैशांचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. नर्सबाईंनी पुढे केलेले पैसे तिने घेतले नाहीत. मला तिने हे नंतर अनेकदा सांगितलं, "पोरी, देवाच्या हाराला घासाघीस कर हवी तर. मयताच्या फुलाचा भाव करायचा नाही." तिचं म्हणणं साधं होतं. दुःखात असलेला माणूस घासाघीस करू शकत नाही, मग त्याच्याशी व्यवहार कसला करायचा? आणि फूल बागेतलं, पाचट फुकटचं, मेहनत तिची स्वतःची. तिला ते परवडत होतं. लोक मात्र विसरत नसत. नाताळात करंज्यांचं ताट यायचं, ईदेला शीरखुर्म्याचं भांडं यायचं, सुगीत कुणी पायलीभर बाजरी आणून टाकायचं. आमच्या घरात या सगळ्याचा हिशेब कधी मांडला गेला नाही.

यात सगळं गोड होतं असं मात्र नाही. मयताची चक्रं करणारीच्या हातचा हार देवाला कसा चालेल, अशी कुजबुज पहिल्या वर्षीच सुरू झाली. एका मोठ्या घरातून रोजची देवपूजेची फुलं बंद झाली. ते गिऱ्हाईक महिन्याच्या महिन्याला नगदी देणारं होतं. आजीने काही दिवस दोन टोपल्या केल्या, एक देवाची, एक मयताची. मग एके दिवशी ती मयताची टोपली तिने चुलीत घातली आणि एकाच टोपलीत फुलं खुडायला लागली. "विहीर एकच आहे," एवढंच म्हणाली. त्या घराने पुन्हा कधीच फुलं नेली नाहीत. तिला त्याचं वाईट वाटत राहिलं. म्हातारपणीही त्या वाड्यासमोरून जाताना ती बोलायची थांबायची.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. विहिरीचा तळ दिसत होता. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात होती, तिथे फुलं कोण घेणार? वडिलांनी बाग मोडायची ठरवली होती. आजीने गुलछडीचे कंद काढून राखेत ठेवले, अ‍ॅस्टर आणि झेंडू जळू दिले, जाई बुडापर्यंत छाटली आणि सगळं पाणी शेवंतीच्या एका वाफ्याला दिलं. पाणी म्हणजे काय, तर आमच्या अंघोळीचं, भांडी विसळल्याचं, तांदूळ धुतल्याचं. आम्ही पोरं दगडावर बसून अंघोळ करायचो आणि खाली परात ठेवलेली असायची. शेवंती बियांवर ठेवता येत नाही. तिची लागवड काश्यांवर, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या कोंबांवर होते. झाड मेलं की वाण गेला. त्या साली तिने अठरा झाडं जगवली. आज माझ्या अंगणात जी पिवळी शेवंती आहे ती त्या अठरा झाडांची.

मी नगरात माळीवाड्याच्या बाजूला फुलांचं दुकान घातलं ते १९८८ साली. त्याआधी तीन-चार वर्षं आजीच्या हाताखाली मोठी कामं केली. १९८५ सालचा सप्टेंबर मला दिवसासकट आठवतो. त्या साली गणपती आणि मोहरम एकाच पंधरवड्यात आले होते. नगरचा मोहरम मोठा. कोठल्याची आणि मंगलगेटची सवारी बघायला लांबून माणसं येतात आणि सवारीवर फुलांच्या चादरी चढवतात. चादर हे हारापेक्षा वेगळंच काम आहे. जाळी विणल्यासारखी गाठ मारत जावं लागतं आणि एक गाठ सैल राहिली की अख्खी चादर ओघळते. आमच्या ओसरीवर एका बाजूला विशाल गणपतीच्या वाटेवरच्या मंडळांचे हार, दुसऱ्या बाजूला चादरी, मध्ये आजी. त्या रात्री कडी वाजलीच. ख्रिस्ती वस्तीत एक म्हातारे मास्तर गेले होते. आजीने हातातली चादर माझ्याकडे दिली आणि निरगुडी भिजत घातली.

मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, त्यामुळे चादरीचं फूल बदलत राहतं. पावसाळा तोंडावर असला की मोगरा आणि गुलाब, हिवाळ्यात शेवंती, भर उन्हाळ्यात जे मिळेल ते. फूलवाल्याला पंचांग आणि चांद दोन्ही बघावे लागतात. पुढची दोन वर्षं सोडली तर गणपती आणि मोहरम पुन्हा तसे गाठीला आले ते थेट २०१८ मध्ये, १९८५ पासून तेहतीस वर्षांनी. तेव्हा ओसरीवर आजीच्या जागी मी होते. ती १९९४ साली गेली. तिच्यासाठीचं चक्र मी केलं. कळ्या बाहेरच्या कडेला लावल्या.

दुकान घातल्यावर मला पहिल्यांदा समजलं की आजी बागेची मालकीण होती आणि मी गिऱ्हाईक. पहाटे अकोळनेरकडून शेतकरी फुलांचे डाग घेऊन यायचे. भाव पडला की त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे, चढला की माझ्या. दसऱ्याच्या सकाळी हातोहात गेलेला झेंडू संध्याकाळी रस्त्यावर जनावरं खायची. मुंबईला, पुण्याला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याला अडत, हमाली, भाडं वजा होऊन आलेली पट्टी मी वाचून दाखवत असे. काही वेळा पट्टीवर त्यालाच देणं निघालेलं असायचं. अशा फुलाचे पैसे मी देणार आणि पुढे फुकट वाटणार, हे किती दिवस चालणार होतं?

म्हणून मी आजीचा शब्द मोडला. दिवाळीचे दिवस होते, शेवंतीचा भाव वर गेला होता. एक तरुण पोरगा वडिलांसाठी चक्र सांगायला आला. मी किंमत सांगितली. त्याने खिशातल्या नोटा काढून दोनदा मोजल्या आणि विचारलं, "याच्यापेक्षा लहान मिळेल का?" मी म्हटलं, मिळेल. लहान करून दिलं. पैसे घेतले. तो गेला आणि मी गल्ल्यापाशी बसून राहिले. आजीच्या चाळीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नसेल. तिच्याकडे चक्राला मापच नव्हतं. ते घरातल्या माणसांच्या दुःखाएवढं असायचं आणि बागेत जेवढी फुलं असतील तेवढं.

तो पोरगा मला पुन्हा भेटला नाही. भेटला असता तर त्याला सांगायचं होतं की मी चुकले. त्यानंतर मी दुकानाचा रिवाज बदलला. कचेऱ्या, संस्था, पुढारी, पतसंस्था यांना चक्राची रीतसर किंमत. पुतळ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांचे हार, चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीला जाणारे मोठे हार, यांनाही रीतसर भाव. घरचं मयत असेल तर माझ्या अंगणातली फुलं फुकट, बाजारची घालायला लागली तर फक्त खरेदीचे पैसे, तेही डब्यात टाकायचे, मोजून माझ्या हातात द्यायचे नाहीत. डब्यात काय आलं ते मी रात्री बघते. गाडीतून येऊन काहीच न टाकणारे असतात. हातगाडीवाल्याने टाकलेली शंभराची नोट असते. पहिली काही वर्षं मला राग यायचा, आता येत नाही. आजीइतकं मोठं मन माझं नाही, पण शेतकऱ्याचे पैसे बुडवून मन मोठं करणं मला पटत नाही.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका टोचलेल्या तारेने. भिंगारला लष्कराची केंद्रं आहेत. रणगाडा दलाचं केंद्र स्वातंत्र्यानंतर लगेच इथे आलं आणि यांत्रिक पायदळाचं १९७९ मध्ये. लष्करी चक्राचं काम काटेकोर. सगळी फुलं एका उंचीची लागतात, रेघ सरळ लागते. मी तेव्हा निरगुडीबरोबर तारही वापरायला लागले होते, कारण तारेने बांधणी पक्की होते आणि वेळ वाचतो. जिल्ह्यातल्या एका गावचा जवान सीमेवर कामी आला. त्या गावच्या लोकांनी मला चक्रं सांगितली आणि वाटेत फुलं हलू नयेत म्हणून मी स्वतः टेम्पोत बसून घेऊन गेले. शाळेच्या मैदानावर सगळा गाव होता. त्याची आई पुढे आली. तिने पेटीवरच्या चक्रावरून हात फिरवला, जसा झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा, सावकाश, पूर्ण गोल. एका जागी तिचा हात किंचित थबकला आणि पुढे गेला. मी जवळच होते. पांढऱ्या गुलछडीवर रक्ताचा थेंब दिसला. तारेचं टोक वर राहिलं होतं. तिला ते कळलंही नाही.

मी आजवर ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक तार मी वाकवून पाचटाच्या पोटात खुपसते आणि चक्र पुरं झालं की डोळे मिटून स्वतःचा तळहात त्यावरून पूर्ण गोल फिरवते. माझ्याकडे शिकलेल्या सहा मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवलं. फुलं कुठली घ्यायची ते नंतर.

चक्राच्या फितीवरचं नावही असंच. एकदा रंगवणाऱ्याने नातं चुकवलं, मीही वाचलं नाही आणि लेकीच्या फितीवर 'काका' लिहून गेलं. त्या लेकीने दहाव्याच्या दिवशी दुकानात येऊन शांतपणे ती फीत माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून नाव घरच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. अक्षर वाकडं आलं तरी चालतं.

नोव्हेंबरच्या २ तारखेला ख्रिस्ती स्मशानभूमीत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात. त्याच दिवशी तिकडे मेक्सिकोत लोक मेलेल्या माणसांच्या वाटेवर झेंडू पसरतात. झेंडू मुळात तिकडचाच. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या काळात आला आणि दसऱ्याचा होऊन बसला. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने हे मला सांगितलं, तेव्हा आजीच्या चुलीत गेलेली ती टोपली मला आठवली. देवाचं फूल वेगळं आणि मयताचं वेगळं, ही वाटणी फुलाने कुठे केली आहे?

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि करोनामुळे देशभराची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पाडव्यासाठी राखलेल्या उभ्या झेंडूवर माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याने रोटर फिरवला. त्याने मला फोन लावून नुसता ट्रॅक्टरचा आवाज ऐकवला, बोलला काहीच नाही. शिर्डीच्या आसपास गुलाब लावणाऱ्यांचे हाल तर पुढे कित्येक वर्षं चालले. मंदिर उघडलं तरी फुलं-हार आत न्यायची परवानगी न्यायालयातून यायला २०२४ ची अखेर उजाडली. एवढ्या वेळात किती जणांनी गुलाब उपटून ऊस लावला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या दाराची कडी वाजायची थांबली. माणसं जात होती, रोज जात होती, पण चक्र न्यायला कुणाला मुभाच नव्हती. पुण्याहून, दुबईहून, एकदा अमेरिकेहून फोन आले, "आमच्यातर्फे काहीतरी ठेवा." ठेवणार कुठे? मी सकाळी अंगणातली फुलं खुडायची, फोनवर सांगितलेलं नाव मोठ्याने घ्यायची आणि फुलं विहिरीच्या कठड्यावर ठेवायची. दुसरं काही सुचलं नाही. परवानगी मिळाल्यावर त्यातली तीन घरं येऊन गेली आणि कठड्यापाशी उभी राहिली.

आता प्लास्टिकची चक्रं मिळतात, धुऊन पुन्हा वापरता येतात. थर्माकोलवर खोचलेलीही मिळतात. ती स्वस्त पडतात आणि कुणाला घ्यायला मी नाही म्हणणार नाही. पण कबरस्तानात, अमरधामच्या कोपऱ्यात, पुतळ्यांच्या मागे पडलेलं ते थर्माकोल कुजत नाही. निरगुडीचं कडं दोन पावसाळ्यांत माती होतं. माझं ठाम मत आहे की मयताबरोबर जाणारी वस्तू मातीत मिसळणारीच असावी.

आजीच्या बागेची जागा आता निम्मीच उरली आहे, बाकीच्या जागेवर घरं झाली. विहिरीला मात्र पाणी आहे. अठरा झाडांची ती पिवळी शेवंती दर वर्षी बहर संपला की काश्या धरते. चैत्र-वैशाखात त्या सुट्या करून लावायच्या, महिन्याभराने शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे येतात आणि दसऱ्यापासून फुलं सुरू होतात. कुंडीतही येते, फक्त बुडाशी पाणी साचू देऊ नका. ज्यांना हव्या असतील त्यांनी पाडव्यानंतर भिंगारला येऊन न्याव्यात. पिशवी घरून आणा. पैसे आणू नका.